आज्जीचं लुगडं आणि पाच रानं

“माझ्या आधी माझं लुगडं पुरतीस व्हय गं?”

आज्जीने हे विचारलं तेव्हा मी ओसरीवर बसून तिच्या जुन्या नऊवारीचे वीत-वीत चौकोन कापत होते. सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, निळ्यावर बारीक चौकडा. दिलं तिनंच होतं. पण ते कशाला हवंय, हे मी नीट सांगितलं नव्हतं. मातीत पुरायचंय म्हटल्यावर ती चष्मा काढून बघतच राहिली. मग स्वतःच हसली आणि म्हणाली, “पूर बाई. न्हाईतर पायपुसणंच व्हणार हुतं त्याचं.”

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं काम करते. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. दिवसभर लघवी, थुंकी आणि पू. जंतू वाढवायच्या प्लेटवर काय उगवलं, कुठल्या औषधाला दबतं, रिपोर्ट टाइप करा, पुढचा. आमच्याकडे जंतू आला की तो आधीच गुन्हेगार असतो. शनिवारी संध्याकाळी पॅसेंजर पकडून मी भिलवडी स्टेशनला उतरते, दादा गाडीवर न्यायला येतो, आणि गावात शिरलं की उलटंच रडगाणं ऐकू येतं. इथं जंतू राहिले नाहीत म्हणून लोक हळहळत असतात. फक्त त्यांना इथं ‘जिवाणू’ म्हणतात.

चहाच्या गाड्यावर, सोसायटीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत एकच वाक्य: जमिनी मेल्या. युरियानं मेल्या, पाण्यानं मेल्या, उसानं मेल्या. मला ते वाक्य कायम खटकायचं. चिमूटभर मातीत, म्हणजे ग्रॅमभर धरा, नुसते बॅक्टेरियाच कोटींच्या हिशेबात असतात. बऱ्या मातीत आकडा अब्जाच्या आसपास जातो. त्यातले शंभरात एखादेच आपल्या प्लेटवर वाढतात, बाकीच्यांना आपण वाढलेलं जेवण रुचत नाही. एवढी वस्ती मेली म्हणजे नेमकं काय झालं? सगळे गेले? निम्मे गेले? का माणसं तीच आणि धंदा बदलला? कट्ट्यावर हे विचारलं की लोक म्हणतात, ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा.

सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून लुगडं.

कल्पना माझी नाही. २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये संशोधकांनी लोकांना पांढऱ्या सुती चड्ड्या पाठवल्या आणि आपापल्या शेतात, बागेत पुरायला सांगितल्या. काही आठवड्यांनी उकरून बघायचं, किती उरली. सुती कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. पाला-पाचोळा, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला, धसकटं यांचा मुख्य भाग तोच. ते खाणारे मातीत किती आहेत आणि किती भुकेले आहेत, हे कापडावरून दिसतं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू असेच भराभर कुजत होते. त्या कुजक्या कापडावरून वेगळी केलेली ट्रायकोडर्मा बुरशी आज कारखान्यांत सेल्युलोज फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, बनवते, जीन पँटी झिजक्या दिसाव्यात म्हणून वापरायची विकरंसुद्धा त्यातलीच. ते असो. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोळ्यांदेखत रानात चड्ड्या पुरणं मला जमणार नव्हतं.

पंधरा तुकडे कापले. कडेनं पॉलिस्टरच्या दोऱ्यानं शिवण घातली, कारण तो दोरा कुणी खात नाही; कापड गेलं तरी चौकट सापडेल. पाच जागा, प्रत्येक जागी तीन तुकडे, वीतभर खोल, वर बांबूची काडी आणि काडीला लाल फीत. भाऊबीजेला पुरायचे, संक्रांतीला काढायचे.

पहिली जागा अण्णांचं मळईचं रान. नदीकडचं, काळं, खोल. जुलैची उसाची आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या पिकाची, लागण, वाण को ८६०३२, नुकतीच भर लावून झालेली. पाटपाणी. आधीचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक, गेल्यावर पाचट पेटवलेलं, मग नांगरट, मग दोनदा रोटर, म्हणजे मातीचा भुगा करणारं यंत्र. आडसालीला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन), १७० स्फुरद (फॉस्फरस), १७० पालाश (पोटॅश). अण्णा त्याच्या खाली कधी आलेले नाहीत. गावात एकरी शंभर टनाचा फ्लेक्स लागलाय दोघांचा, तेव्हापासून तर नाहीच.

दुसरी जागा तात्यांचं, म्हणजे चुलत्यांचं रान. बांधाला बांध. पण तात्यांनी सहा वर्षं पाचटाला काडी लावलेली नाही. लोकांना वाटतं तात्या सेंद्रियवाले. तसं काही नाही. सहा वर्षांमागे त्यांनी लावलेली आग वाऱ्यानं शेजारच्या उभ्या उसात शिरली आणि अर्ध्या एकराची भरपाई द्यावी लागली. त्या दिवसापासून तात्या आगपेटीला भितात. मग पाचटाची कुट्टी, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर, ठिबक, आणि खोडव्यावर खोडवा. मध्ये एकदाच नवी लागण, तीही नुसती सरी फोडून.

तिसरी जागा आमचाच खालचा अर्धा एकर. याला घरात कुणी नावानं हाक मारत नाही, ‘त्यो तुकडा’ म्हणतात. मीठफुटी. उन्हाळ्यात वर पांढरी पपडी, पावसात साबणासारखी निसरडी. तपासणीत सामू, म्हणजे पीएच, ८.९ आणि क्षारता ६ आलेली. क्षारता ४ च्या वर म्हणजे क्षारयुक्त, सामू साडेआठच्या वर गेला की चोपणाची, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या मातीची, शंका; याला दोन्ही लागू. वरच्या अंगाची सगळी रानं वर्षानुवर्षं पाट भरून पाणी पितात, ते पाणी काळ्या मातीतून हळूहळू खाली उतरतं, आमच्या तुकड्यात येऊन थांबतं, वर चढतं, उडून जातं आणि मीठ मागं ठेवतं. वाळवा, पलूस, मिरज, पलीकडे शिरोळ, नदीच्या दोन्ही अंगांनी हीच गोष्ट आहे.

चौथी जागा म्हसोबाचा कोपरा. रानाच्या वरच्या टोकाला जुना कडुलिंब, खाली शेंदूर लावलेला दगड. आज्जी सांगते तिच्या सासऱ्यांच्या आठवणीतही तिथं नांगर घातलेला नाही. जेमतेम दीड गुंठा. माझ्या दृष्टीनं आमच्या घरची सगळ्यात मोलाची जमीन तीच.

पाचवी मामाची द्राक्षबाग, तासगावच्या अंगाला. भाऊबीजेला आई जातेच, मी खुरपं घेऊन गेले. मामी म्हणाली, “ओवाळायला आलीस का खड्डे काढायला?” बाग अठरा वर्षांची. दर मोसमात बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. हे औषध १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी निघालं आणि अजून चालतंय. अडचण एवढीच की मोरचुदातलं तांबं कुठं जात नाही. पानावरून गळतं, वरच्या वीतभर मातीत बसतं आणि वर्षागणिक साठतं.

आता मधल्या काळातली गंमत. म्हसोबापाशी रोवलेल्या लाल फितीच्या काड्या एका गुराख्यानं पाहिल्या. त्यानं जरा उकरलं, तर खाली बाईच्या लुगड्याचा तुकडा. दोन दिवसांत गावभर झालं की अण्णांच्या रानात कुणीतरी करणी केलीय. दादाचा फोन आला तेव्हा तो हसत होता, अण्णा नव्हते हसत. “लेकीनं पुरलंय, शास्त्राचं काम हाय,” असं चारचौघांत सांगायला त्यांना करणीपेक्षा जास्त लाज वाटत असावी. पण झालं ते बरंच झालं. त्या तुकड्यांना पुढे कुणी हातसुद्धा लावला नाही. संक्रांतीला मी गेले तेव्हा काडीपाशी एक सुकलेलं लिंबू होतं आणि हळद-कुंकू.

तर संक्रांत. सकाळी तिळगूळ झाल्यावर मी, दादा आणि दादाची धाकटी मुलगी, घमेलं घेऊन.

अण्णांच्या रानात पहिल्या खड्ड्यात मला वाटलं, जागा चुकली. मातीत नुसता पांढरा दोरा, चौकोनी, आत काही नाही. बोटानं चिवडल्यावर निळ्या धाग्याची दोन-तीन गुंतवळं मिळाली. बाकीच्या दोन्ही तुकड्यांचं तेच. सत्तर दिवसांत लुगडं फस्त. अण्णा बांधावर उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, “मग? मेलीया का जमीन?”

खरं सांगते, मला हे अपेक्षित नव्हतं. मी मनात आधीच निकाल लिहून ठेवला होता: अण्णांचं रान नापास, तात्यांचं पास, म्हसोबा पहिला. लॅबमध्ये नव्या मुलींना मी हेच सांगते की रिपोर्ट आधी ठरवायचा नाही.

तात्यांच्या रानातलं कापडही बरंचसं गेलेलं, पण सारखं नाही. जाळी झालेली, मध्येच मोठी भोकं, त्यातून उसाची मुळं आरपार गेलेली, आणि कापडावर पांढरे तंतू पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. एका तुकड्याला गांडुळाची विष्ठा चिकटलेली, मोहरीएवढ्या गोळ्यांची. खोऱ्याच्या एका ढेकळात तिथं अकरा गांडुळं निघाली. अण्णांकडे तेवढ्याच ढेकळात दोन.

म्हसोबापाशी अर्धंच कुजलं होतं. का, ते उकरतानाच कळलं: माती कोरडी ठणठणीत. पावसाळा संपल्यावर त्या कोपऱ्याला थेंब पाणी नाही. गांडूळ एकही नाही, ती खाली ओल शोधत गेलेली. पण त्या अर्ध्या कुजलेल्या तुकड्यांवर जे रंग होते, ते मी पहिल्यांदाच पाहिले. एकावर गुलाबी डाग, एकावर नारिंगी, एकावर हिरवट काळी बुरशी आणि कडेला वाळवीनं कात्रीनं कापल्यासारखा काढलेला अर्धचंद्र. खड्डे एकमेकांपासून दोन हातांवर. तिन्ही तुकड्यांची तऱ्हा तीन.

मामाच्या बागेत ड्रिपरच्या खाली ओल भरपूर, तरी कापड अण्णांच्यापेक्षा बरंच शिल्लक. पातळ झालेलं, पण ओढलं तर टरकन फाटेल एवढा जीव होता. तांब्याचा हात असेल. नुसत्या तीन तुकड्यांवर मामाला तसं सांगायची हिंमत मी केली नाही.

आणि ‘त्यो तुकडा’. तिथून निघालेलं कापड पिवळट झालेलं, बास. चौकडा जशास तसा. धुतलं असतं तर नेसता आलं असतं.

दुपारी ओसरीवर पाच काचेचे ग्लास मांडले. पाचही ठिकाणची सुपारीएवढी वाळलेली ढेकळं, प्रत्येक ग्लासात एक अलगद सोडलं. हा खेळ कुणीही घरी करावा, कल्चर नको, भिंग नको. अण्णांच्या ढेकळातून बुडबुडे आले आणि मिनिटाभरात ते ढासळलं, तळाला काळा चुरा. मामाचं थोडं जास्त टिकलं. तात्यांचं कडेनं सुटत राहिलं पण गाभा राहिला. म्हसोबाचं संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळीही तसंच बसलेलं, पाणी वर निवळशंख. मीठफुटीचं तर विरघळलंच. ग्लासभर चहासारखं गढूळ पाणी, आणि ते चार दिवसांनी दादानं फेकलं तेव्हाही गढूळच होतं. सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सोडवतं, ते मग खाली बसतच नाहीत. टिकलेल्या ढेकळांना धरून ठेवतात ते बुरशीचे तंतू, बारीक मुळं आणि जिवाणूंनी सोडलेला चिकट डिंक. नांगर-रोटर फिरला की तंतू तुटतात. बॅक्टेरियाला त्याचं फार काही वाटत नाही, तो एकटा राहणारा. बुरशीचं घर मात्र धाग्यांचंच असतं.

रविवारी माझ्या जुन्या कॉलेजात सरांची परवानगी काढून प्लेटा घातल्या. लॅबमध्ये माती नेता येत नाही. मातीतल्या बॅसिलस जिवाणूचे चिवट बीजाणू एकदा हवेत सुटले की महिनाभर प्रत्येक रिपोर्टात तेच निघतील आणि माझी नोकरी जाईल. प्लेटा उघडल्या तेव्हा तोच वास आला, पहिल्या पावसाचा. तो वास पाण्याचा नसतो, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीससारख्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा असतो. याच कुळातून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन निघालं, टीबीवरचं पहिलं खरं औषध. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून थिरुमलाचार यांच्या चमूनं हॅमायसिन काढलं. जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. मला दर वेळी मजा वाटते की आमच्या लॅबमधल्या औषधांच्या चकत्यांपैकी कितीतरींचं माहेर माती आहे.

प्लेटांवर काय दिसलं? संख्येनं अण्णांचं रान कुणाला हार जात नव्हतं. पण तिन्ही खड्ड्यांच्या तिन्ही प्लेटा सारख्या, जणू एकीची झेरॉक्स. मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका ऊसरानाची मातीही घेतली होती, किलोमीटरभर लांबची. तीही तशीच. चार-पाच प्रकारच्या वसाहती, सगळीकडे त्याच. तात्यांकडे बुरशीचे प्रकार जास्त. आणि म्हसोबाच्या तीन प्लेटा एकमेकींना ओळख दाखवायला तयार नव्हत्या.

तिथं मला अण्णांना द्यायचं उत्तर थोडंफार सापडलं.

अॅमेझॉनमध्ये जंगल तोडून कुरणं केली, तिथल्या मातीचा अभ्यास २०१३ साली छापून आला. लोकांना वाटलं होतं जिवाणूंचे प्रकार घटतील. एकेका जागी ते घटले नाहीत, वाढलेसुद्धा. पण जंगलात दर ठिकाणी वस्ती निराळी होती, ती कुरणांत सगळीकडे एकसारखी झाली. आमच्या खोऱ्यात पलूसपासून शिरोळपर्यंत एकच वाण, एकच १०:२६:२६ खत, एकच रोटर, एकच पाटपाणी. मातीतल्यांना तेच जेवण आणि तोच मार वर्षानुवर्षं मिळाला, तर त्याला सरावलेलेच उरणार आणि तेच माजणार. युरोपातल्या चार देशांतल्या जमिनी तपासणाऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की शेती जितकी जोराची तितका फटका आधी मोठ्यांना बसतो: गांडुळं, उड्या मारणारे बारीक किडे, कोळीकुळातले माइट. अण्णांची दोन आणि तात्यांची अकरा गांडुळं मला तेव्हा आठवली.

मग कापड अण्णांकडेच सगळ्यात आधी का संपलं? कापडात कार्बन भरपूर, नत्र जवळजवळ शून्य. ते पचवायला जिवाणूंना नत्र बाहेरून घ्यावं लागतं. अण्णांच्या रानात युरिया हाताशी, ओल कायम, नोव्हेंबरातही माती कोमट. नाही फक्त खायला. पाचट जाळून टाकलेलं, शेणखत चार वर्षांत एकदा. मी हे अण्णांना माझ्या भाषेत सांगत होते तेव्हा आज्जी आतून म्हणाली, “उपाशी माणसाम्होरं ताट ठेवलं की ते चाटूनपुसूनच जातंय की.” मला पुढे काही बोलायची गरज उरली नाही. आणि ताटात लुगडं नसेल तेव्हा ते काय खातात? मातीतला जुना कुजलेला माल, ज्याच्यावर तिचा पोत उभा असतो. रोटर फिरला की ढेकळांच्या पोटात जपलेला तोही उघडा पडतो.

स्फुरदाचं आणखी वेगळं. उसाच्या मुळांवर मायकोरायझा बुरशी राहते. ती आपल्या तंतूंनी लांबचं स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. पण डीएपी या स्फुरदाच्या खताची पोती मुळापाशीच ओतली की पीक तिला साखर द्यायचं आखडतं. घरी बसून पगार मिळत असेल तर कुणी मिरजेला पॅसेंजरनं जाईल का?

आमच्या भागात एक गोष्ट मात्र परक्या लेखांतून जशीच्या तशी उचलता येत नाही. बाहेरच्या अभ्यासांत वाचायला मिळतं की नत्रखतांनी माती आंबट होते आणि जिवाणू बदलतात. सामूचा प्रभाव मोठाच आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींचा अभ्यास २००६ साली आला, त्यात जिवाणूंची विविधता तापमानावर नव्हे, सगळ्यात जास्त सामूवर अवलंबून दिसली. आम्लही नाही, विम्लही नाही अशा मातीत सगळ्यात जास्त प्रकार. पण आपली काळी माती बेसाल्टची, चुनखडी असलेली, सामू मुळातच आठच्या आसपास. थोडंफार आम्ल ती चुनखडीनं गिळून टाकते. इथला धोका वरच्या बाजूचा, खाराचा. खारट पाण्यात जिवाणूच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. तग धरायला त्याला आत मिठाला पुरे पडतील असे पदार्थ बनवत बसावं लागतं, आणि कमाई सगळी त्यातच जाते. तिथं लुगडं कोण खाणार?

गावात यावर एक ठरलेला उपाय सांगतात: बाहेरून जिवाणू सोडा. मी नाही म्हणत नाही. उसासाठीचं अॅसिटोबॅक्टर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं मिळतं, त्यामागे खरं शास्त्र आहे. उसाच्या आत राहून हवेतलं नत्र बांधणारा हा जिवाणू ब्राझीलमध्ये १९८८ मध्ये नोंदला गेला. पण मागच्या एप्रिलला दादानं एका दुकानातून चौदाशे रुपयांची बाटली आणली. ती दुकानाच्या पुढच्या काचेत, भर उन्हात मांडलेली होती. सरकारी नियमाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी लागतात. मी प्लेट घातली. दहा कोटी सोडा, हजारांत मोजता येतील एवढेच उगवले, तेही बहुतेक बॅसिलस, जो उन्हातही मरत नाही. दुकानदार म्हणाला, ताई, कंपनीचा माल आहे. कंपनीचा माणूस म्हणाला, ताई, दुकानदारानं उन्हात ठेवला. चौदाशे रुपयांचं पाणी उसाला दिलं.

जीवामृत करणाऱ्यांच्या कृतीत शेण, गोमूत्र, गूळ, बेसन असतं आणि शेवटी बांधावरची मूठभर माती. या मुठीकडे कुणी लक्ष देत नाही. नांगर न लागलेल्या जागी काहीतरी असतं जे रानात नसतं, एवढं त्या कृतीतही गृहीत आहे. मग आम्ही बांध कोरून कोरून वीतभर का केलेत, हे मात्र मला कुणी सांगत नाही.

मला एकदाच जमीन खरोखर मेल्यासारखी वाटली होती. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमची मळई आठ-नऊ दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर रानात गेले तर सडक्या अंड्याचा वास, चिखल निळसर करडा, गांडुळं मरून वर आलेली. मातीतला ऑक्सिजन संपला की काम थांबत नाही, कामगार बदलतात. आधी नायट्रेटवर श्वास घेणारे येतात आणि अण्णांनी घातलेलं नत्र हवेत उडवून देतात. मग मँगेनीज आणि लोखंडावर जगणारे. करडा रंग त्यांचा. मग सल्फेटवाले, सडका वास त्यांचा. अगदी शेवटी मिथेन सोडणारे. दसऱ्यापर्यंत रानाला भेगा पडल्या, हवा आत गेली, वास गेला. जुने परत आले असावेत. नेमके कोण आले नाहीत, हे बघायला तेव्हा मी काही पुरलं नव्हतं.

अण्णांकडे मृद आरोग्य पत्रिका आहे. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला सुरू झाली. त्यात १२ रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. आरोग्य पत्रिका म्हणायची आणि त्यात जिवंत एकही नाही. आमच्या लॅबनं रक्ताचं लोह आणि कॅल्शियम मोजून माणूस ठणठणीत आहे असं लिहून दिलं तर? मला मान्य आहे, जिवाणू मोजणं महाग पडतं आणि सकाळची माती संध्याकाळी वेगळी असते. पण ग्लासातलं ढेकूळ फुकट आहे. तो तेरावा रकाना करता आला असता.

‘त्या तुकड्या’चं काय करायचं, हे माहीत आहे. जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप टाकून निचरा, मग जिप्सम, मग ताग-धैंचा हे हिरवळीचं खत. जवळच कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रापासून पुढे वाळव्यापर्यंत असं काम झालेलं आहे आणि जमिनी परत आल्यात. पण पाइपातलं पाणी ओढ्याला न्यायचं तर मध्ये तिघांची रानं लागतात. एक तयार आहे, एक पुण्याला असतो, आणि एकाशी अण्णांचं २०११ पासून बोलणं नाही.

पाचटाचं विचारलं तर अण्णा म्हणाले, “बघू.” हा शब्द आमच्या घरात ‘नाही’ या अर्थानं वापरतात. तात्या मात्र त्या दिवसापासून येईल-जाईल त्याला आपल्या अकरा गांडुळांचं सांगत सुटलेत. मागच्या शनिवारी मी ऐकलं तेव्हा ती चौदा झाली होती.

उरलेले तुकडे मी वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवले होते, फोटो काढायचे म्हणून. काल उघडलं तर मीठफुटीचे तिन्ही गायब. आज्जीला विचारलं. तिनं ते दोनदा धुतले होते, वाळवले होते आणि दादाच्या मुलीसाठी शिवायला घेतलेल्या वाकळेत मधोमध जोडून टाकले होते. “चांगलं कापाड हुतं,” म्हणाली, “टाकायचं कशाला?”